एकतर्फी स्नेहाचा जमाखर्च

(आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी विषय निवडण्याची मोकळीक मजवर सोपविली, तेव्हा मी व्यापार किंवा करआकारणी यांवर बोलेन असे बहुतेकांना वाटले असावे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य कापडाच्या गादीवर गेलेले. मानसशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु त्याच गादीवरून मी एक गोष्ट सतत पाहत आलो आहे. ज्यांना आपण कधी भेटलो नाही, ज्यांना आपले नावही ठाऊक नाही, अशा नटनट्यांवर, खेळाडूंवर, गायकांवर माणसे घरच्या माणसासारखा जीव लावतात. त्यांच्या आजाराने यांची झोप उडते, त्यांच्या लग्नाने यांच्या घरात आनंद होतो. एका बाजूस नोंदी भरत जातात आणि समोरची बाजू कोरीच राहते, असे हे खाते आहे. माझ्यासारख्या वह्या लिहिणाऱ्याला त्याचे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे.

प्रथम माझ्या धंद्यातले सांगतो. १९७३ साली ‘बॉबी’ चित्रपट आला आणि ठिपक्यांच्या कापडाला ‘बॉबी प्रिंट’ हे नाव पडले. मी तेव्हा शाळेत होतो, सुटीत वडिलांच्या हाताखाली गज धरायला शिकत होतो. ठिपक्यांचे कापड त्याआधीही विकले जाई. मात्र त्या वर्षी ग्राहक कापड मागत नव्हते, ‘बॉबी’ मागत होते. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि माधुरी दीक्षित यांच्या जांभळ्या वेशामुळे जांभळ्या रंगाला असा भाव आला की लग्नाच्या बस्त्यात तो नसेल तर मुली रुसत. आमचा गल्ला भरला, हे मी नाकारीत नाही.

पण यातली एक गंमत लक्षात घ्या. ‘वक्त’ या १९६५ च्या चित्रपटातील साधनाच्या तंग चुडीदारावर अवघा देश भाळला. त्या वेशाची रचना भानू अथैय्या यांची. कोल्हापुरात जन्मलेल्या या बाईंनी पुढे १९८३ साली ‘गांधी’ चित्रपटासाठी ऑस्कर मिळविले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पण त्यांचे नाव घेऊन कापड मागणारे गिऱ्हाईक मला एकही भेटले नाही. प्रेम जिच्यावर जडते ती मूर्ती अनेक हातांनी घडविलेली असते. तो वेश, तो प्रकाश, ते संवाद, पुष्कळदा तो गाण्याचा आवाजही दुसऱ्याचा. पाहणाऱ्याचा जीव मात्र एकाच चेहऱ्यावर जडतो.

हे चित्रपटानेच आणले असे समजू नये. आमचे आजोबा बालगंधर्वांच्या गोष्टी सांगत. नारायणराव राजहंस पुरुष असून स्त्रीभूमिका करीत, आणि घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखी साडी नेसू पाहत, त्यांच्यासारखी फुले माळीत. ‘गंधर्व नेसतात तशी दाखवा’ ही मागणी पेढीवर येई, असे आजोबांकडून ऐकले आहे. १९११ साली ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग मुंबईस झाला. त्याच दिवशी त्यांच्या तान्ह्या मुलीचा मृत्यू झाला होता, तरीही ते भामिनी होऊन रंगभूमीवर उभे राहिले. सभागृहातील शेकडो माणसे ज्यांच्यावर जीव ओवाळून टाकीत होती, त्यांना भामिनी दिसत होती. त्या वेषातला बाप कोणास दिसला असेल? १९१३ साली त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. उत्पन्न उदंड झाले आणि कर्जही तसेच. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते एकनाथांच्या भूमिकेत आले. त्याच माणसाला पुरुषवेषात पाहून प्रेक्षक पूर्वीसारखे वेडे झाले नाहीत. लोकांचे प्रेम नारायणरावांवर होते की रुक्मिणी-सिंधूवर, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो. १९६७ साली ते गेले. त्यांच्या अखेरच्या काळातील परवडीविषयी अनेकांनी लिहिले आहे. मी त्यात शिरत नाही.

नाटकात निदान पडदा पडे आणि माणूस घरी जाई. आवाज घरात शिरला तो रेडिओमुळे. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लागे. १९५२ साली सुरू झालेला तो कार्यक्रम माझ्या लहानपणीही तितकाच लोकप्रिय होता. अमीन सायानी ‘बहनों और भाइयों’ म्हणत, आणि आमच्या आईला वाटे की त्यांनी तिलाच बहीण म्हटले. पत्रांचे ढीग त्यांच्याकडे जात. २०२४ च्या फेब्रुवारीत ते निवर्तले तेव्हा, आता नव्वदीकडे झुकलेल्या माझ्या आईने त्या रात्री जेवण घेतले नाही. तिने त्यांना एकदाही पाहिले नव्हते.

अशाच अनुभवाचा विचार अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी १९५६ साली एका लेखात केला. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल ही त्यांची नावे. रेडिओ-टेलिव्हिजनवरील व्यक्ती समोर बसून बोलल्याप्रमाणे बोलते, पाहणारा मनोमन उत्तर देतो, आणि हळूहळू जुनी ओळख असल्यासारखे वाटू लागते. या नात्याला त्यांनी ‘पॅरासोशल’ असा शब्द योजला. त्यांनी एका रेडिओ कार्यक्रमाचे उदाहरण दिले आहे. त्यात एक स्त्री आपले नाव न सांगता एकाकी पुरुषांशी प्रेयसीच्या सुरात बोले. श्रोता एक असो वा लाखो, तिचे बोलणे ‘तुझ्याशी’ असे. तिला विवाहाची मागणी घालणारी हजारो पत्रे आली. विचार करा, ते गृहस्थ मूर्ख नव्हते. नोकरी करणारी, कर भरणारी माणसे होती. त्यांच्या घरात त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हते, एवढाच फरक.

म्हणून मी या माणसांना हसत नाही. १९८२ चे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. २६ जुलै रोजी बंगळुरूस ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांना पोटात मार लागला, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांची मृत्यूशी झुंज चालू झाली. देशभर नवस बोलले गेले. आमच्या पेढीवर वडिलांच्या वेळचे एक गुमास्ते होते, त्यांनी चहा सोडला. ज्यांनी कापडबाजारात काम केले आहे त्यांना चहा सोडणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. मी नुकताच पदवी घेऊन बसू लागलो होतो, थोडा शहाणपणा अंगात होता. विचारले, “काका, त्यांना हे कळणार कसे?” ते म्हणाले, “भाऊ, त्यांना कळावे म्हणून कोण सोडतो? माझ्या घशाखाली उतरत नाही, एवढेच.” २४ सप्टेंबरला बच्चन घरी परतले. दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच्या पैशाने सगळ्या दुकानाला चहा पाजला.

पुढच्या वर्षी चित्रपट लागला. तो आघात जेथे झाला त्या क्षणी पडद्यावरील चित्र थांबवून तशी अक्षरे दाखविली गेली, आणि नायकाला अखेरीस मरण येण्याचे जे आधी ठरले होते ते बदलून तो जगतो असे केले गेले. त्यात लोकांच्या भावनेचा मान किती आणि व्यापार किती, हे मी स्वतः व्यापारी असूनही सांगू शकत नाही.

काकांच्या त्या उत्तरावर मी नंतर पुष्कळ विचार केला, तो आपल्याच परंपरेच्या आधाराने. आपण ज्यांना रोज वंदन करतो ते वीतराग. ते प्रसन्न होत नाहीत, रागावत नाहीत, उत्तर देत नाहीत. त्यांचे गुण अंशाने तरी आपल्यात यावेत, एवढ्यासाठी वंदन. म्हणजे आपली भक्ती मुळातच एकतर्फी आहे, आणि हे आपल्याला लहानपणी पाठशाळेतच स्पष्ट सांगितलेले असते. गौतमस्वामींची कथा आपण दर दिवाळीस ऐकतो. प्रभूंनी त्यांना देवशर्म्याला प्रतिबोध देण्यास दुसऱ्या गावी पाठविले, आणि इकडे पावापुरीस निर्वाण झाले. एवढे ज्ञानी गणधर, पण बालकासारखे रडले. मला शेवटच्या क्षणी दूर का केले, म्हणाले. मग त्यांच्या ध्यानात आले की प्रभू तर वीतराग. स्नेह होता तो माझ्याच बाजूचा. हे उमगले आणि केवलज्ञान झाले. मला या कथेत मोलाचे वाटते ते हे, की प्रभूंनी कधी उलट स्नेहाचा भास निर्माण केला नव्हता.

येथेच मला आजच्या बाजाराविषयी आक्षेप आहे. खाते एकतर्फी असणे हा दोष नव्हे. समोरच्या बाजूस खोटी जमा लिहून दाखविणे आणि त्यावर वसुली करणे हा दोष आहे. आमच्या धंद्यात याला साधा शब्द आहे, तो व्यासपीठावरून उच्चारीत नाही.

आता मोबाईल उघडला की नट सकाळी कोठला व्यायाम करतो, काय खातो, हे दिसते. तो ‘माझ्या कुटुंबीयांनो’ म्हणतो आणि खाली तेलाची नाही तर जुगाराच्या खेळाची जाहिरात असते. पैसे भरले की प्रसिद्ध व्यक्ती आपल्या मुलाचे नाव घेऊन वाढदिवसाच्या शुभेच्छा देते, अशीही सोय झाली आहे. आणि जेथे खरी व्यक्ती नाही तेथे ठक बसले आहेत. २०२५ च्या जानेवारीत फ्रान्समधील एका महिलेचे प्रकरण जगभर गाजले. ब्रॅड पिट या अमेरिकन नटाच्या नावाने ठकांनी तिच्याशी दीर्घकाळ संपर्क ठेवला. तो रुग्णालयात आहे असे दाखविणारी, संगणकाने बनविलेली छायाचित्रे पाठविली. घटस्फोटाच्या दाव्यामुळे त्याची बँक खाती गोठली आहेत, उपचाराला पैसे नाहीत, असे सांगितले. तिने सुमारे ८ लाख ३० हजार युरो पाठविले, म्हणजे आपले सात कोटींहून अधिक. तिने धीर करून दूरचित्रवाणीवर हकिगत सांगितली, तर लोकांनी तिची इतकी टर उडविली की वाहिनीला तो कार्यक्रम काढून घ्यावा लागला. एवढा श्रीमंत नट तुझ्याकडे पैसे कशाला मागेल, असे सगळे विचारीत होते. पण आपला माणूस आजारी आहे म्हटल्यावर कोण हिशेब करते? आमचे काका आज हयात असते आणि त्यांच्या मोबाईलवर रुग्णालयातील असे छायाचित्र आले असते, तर त्यांनी पगाराची उचल घेऊन पैसे पाठविले असते, याविषयी मला शंका नाही.

गर्दीविषयी थोडे बोलणे भाग आहे. ४ डिसेंबर २०२४ रोजी हैदराबादेत ‘पुष्पा २’च्या खेळाला नट येणार म्हणून झालेल्या चेंगराचेंगरीत एका मातेचा मृत्यू झाला, तिचा लहान मुलगा कित्येक महिने रुग्णालयात होता. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर क्रिकेट संघाच्या विजयोत्सवात ११ जण दगावले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी तामिळनाडूत करूर येथे विजय या अभिनेत्याच्या राजकीय सभेत ४१ जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. व्यवस्था कोणाची चुकली ते न्यायालये पाहतील. मला एवढेच दिसते की ही माणसे कोणाचे वाईट करायला गेली नव्हती. दुरून का होईना, एकदा पाहावे म्हणून गेली होती. त्यांना वेडे ठरवून आपण मोकळे होऊ नये. आपल्या तरुण मुलांपैकी कोणी त्या गर्दीत नव्हते, हा केवळ योग आहे.

घरातील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. नातीच्या खोलीत एखाद्या गायकाचे चित्र लावलेले दिसले तर ते फाडू नका आणि उपहासही करू नका. तो कोण आहे, त्याचे काय आवडते, हे तिला विचारा. माझ्या नातीला मी विचारले, तेव्हा तिने कोरियातील सात मुलांची नावे मला पाठ करून घ्यायला लावली. चार आली, तीन अजून चुकतात. पण त्यानिमित्ताने शाळेत तिच्याशी दोन मैत्रिणींनी बोलणे सोडले आहे, हेही मला कळले. ते तिच्या आईलाही ठाऊक नव्हते.

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा आहे. या सुवर्णमहोत्सवाच्या सांगता समारंभास एखाद्या मालिकेतील प्रसिद्ध कलाकारास बोलवावे, अशी सूचना युवक मंडळाने केली आहे. त्यांचे म्हणणे असे की त्याशिवाय तरुण वर्ग येणार नाही आणि सभागृह भरणार नाही. हे म्हणणे खोटे नाही. मी सभेत असे मांडले की तेवढ्याच मानधनात पन्नास वर्षे ज्यांनी पाठशाळा चालविली, भोजनशाळेची चूल पेटती ठेवली, त्या सर्वांचा परिवारासह सत्कार होईल, आणि त्यांना तरी आपण सर्वजण नावाने ओळखतो. त्यावर एका तरुणाने मला नम्रपणे विचारले, “काका, पाठशाळेच्या पहिल्या बाईंचे पूर्ण नाव काय?” सभेत पाच जणांना मिळून ते आठवावे लागले. त्या मुलाचे मला कौतुक वाटले. विश्वस्तांचा निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे. तो जो होईल तो सर्वांनी मान्य करावा.

 बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.