दान आणि मान
(न्यासाच्या वार्षिक सभेत विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरातील रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, जमाखर्च आणि लेखापरीक्षकांचा अभिप्राय हे सर्व अहवालात छापलेले आहे. त्याची उजळणी करून आपला वेळ घेणे उचित होणार नाही. ज्या गोष्टीला अहवालात रकाना नाही अशा एका गोष्टीविषयी आज बोलावयाचे आहे. ती आमच्याकडून घडलेल्या चुकीची आहे, आणि ज्यांच्या बाबतीत ती घडली त्यांच्या संमतीने, नाव न घेता, सांगत आहोत.

गेल्या वर्षी श्रावणात एक वयस्क गृहस्थ पत्नीसह आपल्या बाह्यरुग्ण विभागात आले. फाउंड्रीच्या मेंटेनन्स खात्यात फिटर म्हणून तीस वर्षे काम करून ते निवृत्त झालेले. चार पायऱ्या चढल्या की धाप लागत होती. खिशात तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घडी करून ठेवलेला होता. त्या वेळी आपल्याकडे सवलतीच्या रुग्णांसाठी वेगळी खिडकी होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत तसा फलकही होता. खिडकीवरील कर्मचाऱ्याने, मागे रांग उभी असताना, मोठ्याने विचारले, “निर्धन की दुर्बल?” प्रश्न नियमाला धरूनच होता. गृहस्थांनी दाखला पुन्हा खिशात ठेवला आणि ते घरी परतले. अकराव्या रात्री शेजाऱ्यांनी त्यांना रिक्षातून आणले, तेव्हा ओठ निळे पडले होते. सुदैवाने ते वाचले. चार दिवसांनी बोलण्याइतके बळ आल्यावर त्यांनी सिस्टरांना एवढेच सांगितले, “आयुष्यभर माझे नाव हजेरीपटावर होते. निर्धनांच्या यादीवर कधी नव्हते.”

हे वाक्य विश्वस्तांच्या बैठकीत वाचून दाखविण्यात आले. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

ती खिडकी का होती, हे देणगीदारांना ठाऊक असावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना २००६ पासून धर्मादाय रुग्णालयांना लागू आहे. तिच्यानुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, तसेच एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. योजना उत्तम आहे. मात्र येथे एक स्पष्टोक्ती करणे आम्हांस आवश्यक वाटते. ‘आम्ही इतक्या गरिबांवर मोफत उपचार केले’ असे आपण अभिमानाने छापतो, पण त्यातील मोठा भाग आपले औदार्य नसून कायद्याने घालून दिलेले कर्तव्य आहे. करसवलतीच्या बदल्यात समाजाने आपल्याकडून घेतलेले ते वचन आहे. ते पाळल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. औदार्याचा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो, आणि नेमक्या तेथेच आम्ही उणे पडलो.

या विषयावर विचार करताना आम्हांला फार दूर जावे लागले नाही. आपल्या शेजारी देहू आहे. तुकोबांच्या घराण्यात महाजनकी होती, दुकान होते, सावकारीही होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने घर मोडले. प्रथम पत्नी अन्नावाचून गेल्या. त्यानंतर चाकण औद्योगिक क्षेत्रालगतच्या भामचंद्राच्या डोंगरावर ते एकांतात राहिले, आणि परतल्यावर येणे असलेल्या कर्जाची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पण तिच्यातील दोन बारकावे आमच्या लक्षात या वर्षी प्रथमच आले. एक असा की, कुळांना बोलावून ‘जा, तुम्हांला माफ केले’ असे त्यांनी सांगितले नाही. कागदच नाहीसे केले. कोणालाही त्यांच्यासमोर मान खाली घालून उभे राहावे लागले नाही. दुसरा असा की, बुडविण्यापूर्वी त्यांनी खतांचे दोन भाग केले आणि धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हवाली केला. बुडविला तो फक्त स्वतःचा वाटा. परक्याच्या पैशावर औदार्य दाखविणे त्यांना मान्य नव्हते. विश्वस्तांनी हा दुसरा बारकावा विसरू नये असा आहे, कारण आम्ही वाटतो ते नेहमी दुसऱ्याचेच असते.

असाच विचार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही आढळतो. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण डकोटा राज्यांतील लाकोटा या मूळनिवासी समाजात उदारता ही शौर्य, धैर्य आणि शहाणपण यांच्या बरोबरीची मानली जाते. आपल्याकडे एखाद्याचा सत्कार म्हणजे त्याला शाल-श्रीफळ देणे. त्यांच्याकडे ज्याचा सन्मान असतो त्याच्या घरचे लोक इतरांना वस्तू वाटतात. घरातील माणूस गेल्यावर कुटुंब वर्षभर रजया, भांडी, कपडे जमवते आणि वर्ष पुरे झाले की सर्व वाटून टाकते. बाहेरून पाहणाऱ्या राज्यकर्त्यांना ही उधळपट्टी वाटली. अमेरिकी सरकारच्या संबंधित खात्याच्या आयुक्तांनी १९२१ साली काढलेल्या परिपत्रकात मूळनिवासींच्या नृत्यसमारंभांतील ज्या गोष्टी बंद करण्याजोग्या ठरविल्या, त्यांत मालमत्ता बेफिकीरपणे वाटून टाकणे हीही एक होती. इंद्रायणीच्या काठी त्या दिवशी असा एखादा अधिकारी असता तर त्यानेही बहुधा हाच शेरा मारला असता! आपल्याकडेही सहस्रचंद्रदर्शनाला वृद्धांच्या हातून दान करवितात, पुण्यतिथीला अन्नदान होते. या रुग्णालयाच्या पावतीपुस्तकातील कितीतरी पावत्या अशाच निमित्तांच्या आहेत. मुद्दा एवढाच की, या रीतींमध्ये वृद्ध माणूस हा देणारा असतो. आमच्या खिडकीने मात्र त्याला केवळ घेणारा करून टाकले होते.

आणि या पट्ट्यातील वृद्धांनी काय दिले आहे, हे तरी आपण विचारतो का? पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि पाठोपाठ कारखान्यांची रांग लागली. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका, नंतर चाकण. सातारा-सांगली, सोलापूर, मराठवाडा, कोकण येथून आलेल्या तरुणांनी तीन-तीन पाळ्यांत ही नगरी चालविली. गावकऱ्यांच्या जमिनी तिच्याखाली गेल्या. ते तरुण आता सत्तरीत आहेत. त्यांतील पुष्कळांचे निवृत्तिवेतन इतके तुटपुंजे की, कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा एक हजार रुपये ठरली, तेव्हा तीही अनेकांना वाढच वाटली.

त्यांच्या श्रमांची नोंद कोठे असेल तर त्यांच्या शरीरात. प्रेसशॉपमध्ये काम केलेल्यांचे कान गेलेले असतात. आम्ही त्यांना ‘ऐकत नाहीत, हट्टी आहेत’ म्हणतो. फाउंड्रीतील वाळूची धूळ फुप्फुसात बसते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा क्ष-किरण चित्रावर क्षयरोगासारखा भासू शकतो आणि क्षयाचा धोकाही वाढवितो. रुग्ण कोठे आणि कोणत्या खात्यात काम करीत होता हे न विचारता औषध दिले तर रोग एक आणि उपचार दुसराच, असे घडू शकते. आमच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या शब्दापुढे वर्षानुवर्षे ‘निवृत्त’ एवढेच लिहिले जात होते. आता तेथे कारखान्याचा प्रकार, खाते आणि वर्षे लिहिली जातात. ज्येष्ठांचा आदर म्हणजे केवळ वाकून नमस्कार, असा आमचा समज होता. माणसाला त्याचे काम विचारणे हाही आदर आहे आणि तो औषधोपचाराचाही भाग आहे, हे आमच्या डॉक्टरांनी आम्हांला पटवून दिले.

वेगळी खिडकी आणि तिच्यावरील फलक काढून टाकला आहे. सर्वांची नोंदणी एकाच रांगेत होते. सवलतीचे कागद वैद्यकीय समाजसेविका आपल्या खोलीत, दार लोटून, पाहतात. देणगीदाराच्या हातून रुग्ण औषधे स्वीकारीत असल्याची छायाचित्रे काढणेही आम्ही बंद केले. यावर दोन देणगीदारांनी नाराजी कळविली आणि एकाने देणगी थांबविली. त्यांच्या भावनांचा अनादर करण्याचा आमचा हेतू नाही. आजवर त्यांनी केलेल्या साहाय्याची कृतज्ञ नोंद अहवालात आहे. पण निर्णय कायम आहे.

सायंकाळी पुरुष कक्षातील काही ज्येष्ठ रुग्ण हरिपाठ म्हणू लागले, तेव्हा एका रुग्णाने शांतता हवी असल्याचे सांगितले. आता हरिपाठ व्हरांड्यात होतो. ज्याला बसावयाचे तो बसतो, ज्याला नमाज पढावयाची त्याच्यासाठी टोकाची खोली मोकळी असते. याहून अधिक व्यवस्था आम्ही केलेली नाही, आणि करण्याची गरजही भासली नाही.

आता त्या गृहस्थांविषयी. त्यांचा विकार पूर्ण बरा होणारा नाही. दम सांभाळून, ते दर मंगळवारी सकाळी येतात. प्रथम आले ते तपासणीसाठी. तेव्हा एका चाकाच्या खुर्चीचे चाक कुरकुरत होते ते त्यांना सहन झाले नाही. पुढच्या मंगळवारी पिशवीत पाने आणि पक्कड घेऊन आले. जिन्याखालच्या जागेत स्टुलावर बसून ते चाकाच्या खुर्च्या, स्ट्रेचर आणि औषधांच्या ट्रॉल्या दुरुस्त करतात. वॉर्डबॉयपैकी दोघे त्यांच्या हाताखाली काम शिकत आहेत आणि त्यांची बोलणीही खात आहेत. मानधन देऊ का, असे विचारण्याची चूक आम्ही एकदाच केली. चहा मात्र ते घेतात, साखर कमी.

ज्येष्ठ महिन्यात तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीत मुक्कामाला येते. त्या रात्री पाळी संपवून आलेले कामगार वारकऱ्यांचे पाय चेपतात, कोणी तुटलेल्या वहाणा शिवून देतात. आपले पथकही पायांच्या फोडांवर मलमपट्टी करण्यासाठी तेथे असेल. यंदा वहाणा शिवणाऱ्यांच्या शेजारी बसण्याची इच्छा या गृहस्थांनी बोलून दाखविली आहे. वारीतील ढकलगाड्यांची चाकेही निखळतात, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यासोबत बसू इच्छिणाऱ्या निवृत्त कामगारांनी आपली नावे समाजसेविकांकडे द्यावीत.

जिन्याखालच्या त्यांच्या कामासाठी त्यांनी आमच्याकडे दोनच वस्तू मागितल्या आहेत. चाकाच्या खुर्च्यांच्या पुढच्या चाकांची बेअरिंगे, आणि एक चांगला दिवा, कारण जिन्याखाली उजेड कमी पडतो. ज्या कोणास द्यावयाच्या असतील त्यांनी भांडार विभागात जमा कराव्यात. पावती नेहमीप्रमाणे मिळेल.