वाचकाचा वेळ आणि वेब फीड
(नभोवाणी भाषण)



ग्रंथालयाच्या दारात नव्या ग्रंथांची यादी लावण्याची रीत जुनी आहे. ग्रंथ विकत घेऊन कपाटात ठेवला म्हणजे ग्रंथालयाचे काम संपत नाही. तो आल्याची वार्ता ज्याला हवी त्याच्यापर्यंत गेली पाहिजे, हा तिच्यामागील विचार. डॉ. एस्. आर्. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचे आहे. पुढे १९५८ साली आय्. बी. एम्. कंपनीतील हान्स पीटर लून यांनी एक योजना मांडली. प्रत्येकाच्या आवडीचे विषय नोंदवून ठेवावेत आणि नव्या लेखनापैकी तेवढेच यंत्राने निवडून त्याच्याकडे धाडावे, अशी ती योजना होती.

आज विद्यापीठे, शासकीय खाती, नियतकालिके यांचे पुष्कळसे लेखन प्रथम संकेतस्थळांवरच प्रसिद्ध होते. कोणत्या स्थळावर केव्हा काय येईल याचा नेम नसतो. शंभर स्थळे रोज उघडून पाहू म्हटले, तर ग्रंथपालाची सकाळ त्यातच जावयाची. आणि बहुतेक ठिकाणी काल होते तेच आज दिसावयाचे. या अडचणीवरील उपाय म्हणजे वेब फीड.

फीड ही संकेतस्थळाने स्वतः ठेवलेली एक लहानशी आवक-वही समजावी. नवा मजकूर आला की त्याचा मथळा, तारीख, दुवा आणि बहुधा थोडासा सारांश ठरीव साच्यात तीत नोंदला जातो. आपल्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर ‘फीड रीडर’ नावाचा प्रोग्रॅम असतो. आपण दिलेल्या पत्त्यांवर तो ठरावीक वेळाने फेरी मारतो आणि मागील फेरीनंतर जे नवे आले असेल तेवढेच एके ठिकाणी आणून मांडतो. या साच्यांपैकी आर्. एस्. एस्. हा १९९९ साली नेटस्केप कंपनीत निघाला. या आद्याक्षरांचा आपल्याकडील परिचित अर्थ येथे अर्थातच अभिप्रेत नाही. ‘अॅटम’ हा दुसरा साचा २००५ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. दोन्ही खुले आहेत.

ग्रंथालयास याचा उपयोग दुहेरी आहे. पहिला घेण्याचा. ‘पबमेड’ या वैद्यकीय लेखसूचीत मधुमेहासारख्या विषयाचा शोध घेतला, तर त्या शोधाचेच फीड करून घेता येते. मग त्या विषयावरील नव्या लेखाची नोंद आपोआप येत राहते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने ती संबंधित प्राध्यापकाकडे धाडली की लून यांची योजना प्रत्यक्षात उतरली म्हणावयाची.

दुसरा उपयोग देण्याचा. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. त्या योजनेत पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरत. वाचक येईल तेव्हा येईल, असे म्हणून ग्रंथालय स्वस्थ बसले नाही. महाराष्ट्राबाहेरील मराठी ग्रंथालयांना हा धडा आजही घेण्याजोगा आहे. ‘कोहा’ या विनामूल्य ग्रंथालय-प्रणालीत सूचीतील शोधाचे फीड मिळते. ‘वर्डप्रेस’वर केलेले साधे संकेतस्थळही फीड आपोआप तयार करते. नव्या ग्रंथांची यादी अशा रीतीने प्रसिद्ध केली, तर शहराच्या दुसऱ्या टोकास राहणारा किंवा नोकरीनिमित्त परगावी गेलेला सभासदही ती घरबसल्या पाहील.

कोणी म्हणेल, समाजमाध्यमे असताना हा खटाटोप कशाला? तेथे कोणाला काय दाखवावयाचे, हे मुख्यतः कंपनीचे यंत्र ठरविते. फीडमध्ये स्थळांची निवड वाचकाची असते. खुले फीड घेण्यास स्थळाला आपले नाव वा टपालाचा पत्ताही द्यावा लागत नाही. वाचक काय वाचतो हे गुप्त राखणे ज्या व्यवसायाचा धर्म आहे, त्याला हा गुण लहान वाटू नये. गूगल कंपनीचा लोकप्रिय फीड रीडर २०१३ साली बंद झाला. परंतु साचा खुला असल्यामुळे लोकांना आपल्या पत्त्यांची यादी उचलून दुसऱ्या रीडरमध्ये नेता आली.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सर्वच स्थळे फीड देत नाहीत. फीडमध्ये बहुधा अलीकडच्याच नोंदी राहतात, म्हणून त्याला दप्तरखाना समजू नये. आणि दोनशे फीडे गोळा केली, तर न वाचलेल्या नोंदींचाच ढीग साचतो. ग्रंथपालांनी आरंभी दहाच स्थळे पारखून घ्यावीत, महिन्याने निरुपयोगी ती गाळावीत आणि आपल्या ग्रंथालयाचे एक फीड सुरू करावे. यंत्र नोंदी आणून देईल. त्यांतील कोणती कोणत्या वाचकाच्या कामाची, हे मात्र वाचकाला ओळखणाऱ्या ग्रंथपालानेच ठरवावयाचे आहे.