जुना पत्ता



आम्ही शाळेत थोडे आणि जिनिंगच्या फाटकावर पुष्कळ शिकलेले. संगणकावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारल्यास आम्ही रागावणार नाही. पण तळेगावकरांना हा विषय सांगण्यास आपला हमरस्ताच पुरे आहे. नागपूर-अमरावती रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता. २०१० साली देशातील महामार्गांना नवे क्रमांक मिळाले आणि तो ५३ झाला. जुनी माणसे अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. त्यांचे काही अडत नाही. रस्ता पायाखालचा आहे. अडते ते कागद हाती घेऊन परगावाहून येणाऱ्याचे.

काही सॉफ्टवेअरची घडण कोणालाही पाहता येते, बदलता येते, वाटता येते. त्याला ओपन सोर्स म्हणतात. ते वापरावे कसे, हे सांगणारी पानेही पुष्कळदा स्वयंसेवकच लिहितात. सॉफ्टवेअर बदलत जाते आणि पाने मागे राहतात.

आमच्या एका सभासदाचा मुलगा पायथन ही संगणकाची भाषा शिकत होता. पुस्तिकेत होता तसा ‘रॉ इनपुट’ हा शब्द त्याने लिहिला. हा शब्द ओळखीचा नाही, असे यंत्र म्हणाले. त्याने अक्षरन् अक्षर ताडून पाहिले, पुन्हा तेच. “काका, हे आपल्या डोक्याचं काम नाही,” म्हणून तो उठला. चूक पुस्तिकेची होती! २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तो शब्द काढून नुसता ‘इनपुट’ ठेवला आहे. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल तर १ जानेवारी २०२० पासून बंदच झाली. जाणता हसून पुढे जातो; नवखा स्वतःला दोष देतो. असे किती उठून गेले, त्याचे हजेरीपुस्तक कोठेच नसते.

कधी जुन्या पत्त्यावर दुसराच माणूस बसलेला असतो. फ्रीनोड नावाच्या जाळ्यावर ओपन सोर्सची मंडळी एकमेकांशी बोलत. मे २०२१ मध्ये नियंत्रणाच्या वादावरून तेथील स्वयंसेवकांनी सामुदायिक राजीनामे दिले आणि लिबेरा चॅट उभे केले. (आमच्या धंद्यातल्या माणसाला ही हकीकत विशेष गोड लागते.) मग ज्या कक्षांनी आपल्या पाटीवर नव्या जागेचे नाव लिहिले, असे शेकडो कक्ष फ्रीनोडच्या चालकांनी ताब्यात घेतले. ज्यांच्या पानांवर जुनाच पत्ता राहिला, ते मदत मागणाऱ्याला चुकीच्या दारात पाठवत होते.

बदल मात्र आंधळेपणाने करू नये. प्रत्येक ‘सहा’चे ‘त्रेपन्न’ केले, तर सहाची एस.टी. त्रेपन्नला सुटेल! शब्द शोधावा, ठिकाण वाचावे, मग हात लावावा, आणि दुसऱ्या जाणत्याच्या नजरेखालून घालावा. इतिहास सांगणारे पान असेल, तर जुने नाव तेथे राहिलेच पाहिजे. खोडलेलेही हरवत नाही. २००५ साली निघालेल्या गिटसारख्या साधनात कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते. आमच्या इतिवृत्ताच्या वहीला हे साधलेले नाही.

त्या मुलाला आम्ही पुन्हा बसवला. पुस्तिका लिहिणाऱ्यांकडे त्याने एका शब्दाची दुरुस्ती पाठवली आणि ती स्वीकारली गेली. नंतर त्याने आमचे नवे पावतीपुस्तक उचलले. पत्त्यात महामार्ग क्रमांक ६! हजार पावत्या छापून झाल्या आहेत. सध्या आम्ही त्या हाताने खोडीत आहोत.