विचारण्याचें शील

मनुष्य स्वभावतः चांगला कीं वाईट, हा वाद फार जुना आहे. तो मिटविण्याइतका मी विद्वान नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलों आणि सारी हयात मुलांना शिकविण्यांत घालविली. तेवढ्या शिदोरीवर आज एकच गोष्ट सांगणार आहे. एखाद्याचें शील पारखावयाचें असेल, तर तो वरिष्ठांपुढें कसा वागतो हें पाहूं नये. तेथें आपण सारेच नम्र असतों. ज्याला आपल्यापुढें तोंड उघडतां येत नाहीं, त्याच्याशीं तो कसा वागतो हें पाहावें.

या विचाराला माझ्या गांवाच्या इतिहासांतच एक आधार सांपडतो. गगनबावडा हें कोल्हापूर जिल्ह्यांत, सह्याद्रीच्या अगदीं माथ्यावर वसलेलें गांव. येथून करूळचा आणि भुईबावड्याचा असे दोन घाट कोंकणांत उतरतात. डोक्यावर गगनगड उभा आहे. १९४९ सालीं कोल्हापूर संस्थान विलीन झालें, त्यापूर्वीं ही बावडा जहागीर पंत अमात्यांच्या घराण्याकडे होती. त्या घराण्यांतील थोर पुरुष म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत ते होते. पुढें राजाराम महाराज जिंजीस गेले, तेव्हां औरंगजेबाशीं चाललेल्या झुंजींत महाराष्ट्रांतील कारभाराचा भार मुख्यत्वें त्यांनींच वाहिला. कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकीर्दींत, १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झालेलें 'आज्ञापत्र' त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें.

राज्य कसें चालवावें हें सांगणारा हा ग्रंथ. त्यांत आरमाराच्या प्रकरणांत लांकडाचा विषय येतो. गलबतांना तक्ते हवेत, डोलकाठ्या हव्यात. सागासारखें लांकूड रानांतून रीतीनें आणावें. परंतु रयतेच्या आंब्याफणसाला हात लावूं नये, असें तेथें बजावलें आहे. कारण हीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत. लोकांनीं तीं पोटच्या पोरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. तीं तोडलीं तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाहीं. एखादें झाड अगदीं जीर्ण झालेलें असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानें तें घ्यावें. जुलूम मुळींच करूं नये.

श्रोतेहो, यांत नुसती दया आहे असें समजूं नका. आरमाराची निकड खरी होती. कुऱ्हाड सरकारची, हुकूम सरकारचा, आणि झाडाचा धनी गरीब कुणबी. त्याला न विचारतां झाड पाडलें असतें, तर त्याची दाद कोण घेणार होतें? शिवाय असा हुकूम लिहून ठेवावा लागला, यावरूनच दिसतें कीं न विचारतां तोडण्याचा मोह कारकुना-शिपायांना होत असला पाहिजे. मनुष्यस्वभाव तेव्हांही हाच होता. दुष्ट हेतूनें अन्याय करणारे थोडे असतात. चांगल्या कामाच्या नांवाखालीं अन्याय करणारे पुष्कळ. "राज्याच्या हितासाठीं", "शिस्तीसाठीं", "तुझ्याच भल्यासाठीं" हे शब्द तोंडांत आले, कीं हात सैल सुटतो.

माझाही सुटला होता. ही गोष्ट सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची. मी तेव्हां एका लहानशा गांवांतील शाळेंत होतों. पावसाळ्याचे दिवस. आमच्याकडचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना त्याचें वर्णन नको. ओढ्यापलीकडच्या वाडीवरून कांहीं मुलें येत. त्यांतला एक थोराड मुलगा रोज उशिरां, नखशिखान्त भिजून येई. त्याच वाडीचीं लहान पोरें मात्र वेळेवर हजर! तिसऱ्या दिवशीं मीं त्या पोरांना वर्गासमोर उभें करून त्यांची वाहवा केली आणि त्याच्या हातावर छड्या मारल्या. त्यानें हूं कीं चूं केलें नाहीं.

आठवड्यानें कळलें तें असें. ओढ्याला पाणी चढलें, कीं तो मुलगा पाण्यांत उभा राहून त्या पोरांना एकेक करून अलीकडे उतरवी. मग परत जाऊन मागून येणाऱ्यांची वाट पाही. सगळीं पार झालीं, कीं शेवटीं स्वतः येई. ज्यांचें मीं कौतुक केलें, तीं त्याच्यामुळेंच वेळेवर पोहोंचत होतीं.

मी त्याच्या घरीं गेलों. "अरे, तूं मला सांगितलें कां नाहींस?" असें म्हणालों. तो खालीं पाहून म्हणाला, "गुर्जी, तुमी इचारलंच न्हाई."

शिस्तीचा नियम माझा होता, छडी माझी होती, हेतूही चांगला होता. नव्हता तो फक्त एक प्रश्न.

विचारणें ही दिसायला क्षुल्लक गोष्ट आहे. पण तिच्यांत तीन गुण आहेत. समोरच्यालाही त्याची बाजू असेल हें आपण मान्य करतों. हात उगारण्यापूर्वीं एक क्षण थांबतों. आणि उत्तर आपल्याविरुद्ध आलें तर तें ऐकण्याची तयारी ठेवतों. घराला आग लागली असतां विचारीत बसतां येत नाहीं हें खरें. पण आपल्या आयुष्यांत आगी थोड्या लागतात, आणि घाई मात्र रोजची असते. मोलकरीण दोन दिवस आली नाहीं, तर पगार कापण्यापूर्वीं कारण विचारावें. मुलाची विद्याशाखा ठरवितांना त्याला विचारावें. म्हाताऱ्या आईची जुनी ट्रंक अडगळ म्हणून काढण्यापूर्वीं तिला विचारावें. आंब्याफणसाप्रमाणें शीलही वर्षां-दोन वर्षांत वाढत नाहीं. अशा लहान लहान प्रसंगांचें पाणी घालून तें वाढवावें लागतें.

एक बाकी राहिली आहे. त्या मुलाची क्षमा मीं त्याच्या घरीं, एकटा असतांना मागितली. छड्या वर्गासमोर मारल्या होत्या; चूक कबूल केली ती मात्र एकांतांत. मास्तरचा मान जाईल असें तेव्हां वाटलें. तो वर्ग आतां पुन्हा भरावयाचा नाहीं. परंतु त्यांतील कोणी आज हें ऐकत असतील, तर त्यांनीं ऐकावें: त्या दिवशीं चूक त्याची नव्हती, माझी होती.