जोश ओसरल्यावर काय? बघावेत असे काही युद्धपट

(एपिसोडचं हे लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' बरेचसे काढलेत, काही राहिलेच. मधे कुकरची शिट्टी ऐकू आली असेल तर ती आमचीच.)

आजचा विषय तुम्हीच मागितलाय: युद्धावरचे चांगले सिनेमे सांग. मी आपली बसले यादी करायला. बारा-पंधरा नावं लिहिली आणि मग ती यादी फेकून दिली. का, ते आधी सांगते.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. २६ जानेवारीला सोसायटीच्या कंपाउंडमध्ये पडदा लावून 'उरी' दाखवला. वडापाव, खुर्च्या, पोरंटोरं पुढे सतरंजीवर. तो जोशवाला डायलॉग आला तेव्हा सगळे ओरडले, मीपण ओरडले, घसा बसला. मग कमिटीतल्या कुणाला तरी आठवलं की आपले रात्रपाळीचे सिक्युरिटी काका मिलिटरीतले आहेत, त्यांनाच माइक द्या की. काका साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून रिटायर झालेले. मीच धावत गेले गेटवर. म्हटलं, "काका, चला ना, एकदा आमच्यासाठी ओरडा."

"गेट सोडता येत न्हाई ताई."

"दोनच मिनिटं हो."

"दोन मिनिटाचं काय न्हाई. मला त्यातलं काय येत न्हाई, असं आहे."

मी परत आले आणि माइकवर सांगितलं, काका लाजतायत. सगळे हसले. गेट तिथून वीस पावलांवर आहे, त्यामुळे काकांनी ते ऐकलं असणारच.

दुसऱ्या दिवशी रात्री चहाचा थर्मास घेऊन खाली गेले. सॉरी म्हणायचं होतं, पण ते तोंडातून निघेना, म्हणून भलतंच विचारलं. "काका, तुम्ही ९९ साली वर होतात ना? कसं होतं?" म्हणाले, "थंडी होती." बस. मग बराच वेळ काही नाही. एक रिक्षा आत सोडून आले आणि खुर्चीवर बसता बसता म्हणाले, "माझी पोरगी मी पहिल्यांदा बघितली तवा ती दीड वर्साची होती. मला बघून रडाय लागली. तिला वाटलं कोण ह्यो माणूस घरात शिरला. सिनेमात हे दावत न्हाईत."

थोडे सिनेमे दाखवतात, काका. आज त्यांच्याबद्दलच बोलू.

सुरुवात 'बॉर्डर'पासून, कारण तो बघितलेला नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. १९९७, जे. पी. दत्ता. राजस्थानातलं लोंगेवाला ठाणं, ४ आणि ५ डिसेंबर १९७१ ची रात्र, शंभर-सव्वाशे जवान आणि समोरून रणगाडे. सिनेमा आजही धरून ठेवतो, गाणी तर विचारूच नका. पण एक गोष्ट बघा. सुनील शेट्टीने केलेला भैरोंसिंग सिनेमात मरतो, आणि आपण सगळे तिथे रडतो. खरे भैरोंसिंग राठोड त्या रात्री वाचले होते. पुढे त्यांना सेना मेडल मिळालं, ते निवृत्त झाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला वारले. म्हणजे त्या लढाईनंतर हा माणूस ५१ वर्षं जगला, आणि त्यातली पंचवीसेक वर्षं अख्खा देश त्याला पडद्यावर मरताना बघत होता. लोंगेवाल्याला आपले दोन जवान गेले असं इतिहास सांगतो. सिनेमाला दोनवर भागत नाही. मी 'बॉर्डर'ला नावं ठेवत नाहीये हं. पण मेलेल्या जवानासाठी रडणं आपल्याला सोपं जातं. जिवंत परत आलेल्याचं काय करायचं, तिथे आपण अडतो.

आता यातलाच एक आपला माणूस. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातले, इस्लामपूरकडचे. सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. उपचार आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या 'अश्विनी' या नौदलाच्या हॉस्पिटलमध्ये. तिथे पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक आणलं, ३७.३३ सेकंदांत. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. आणि पद्मश्री कधी? २०१८. मधली ४६ वर्षं तुम्हीच मोजा. २०२४ मध्ये कबीर खानने त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' केला. थोडा गोडमिट्ट आहे, आणि आपल्या मातीतली मराठी त्यात कमी ऐकू येते याची मला चीड आली. पण युद्ध त्यात फार थोडं आहे आणि हॉस्पिटल बरंच. म्हणून तो या यादीत.

हॉस्पिटलवरून आठवलं. व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', १९४६. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेले. १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं, जपान आणि चीनचं युद्ध चालू होतं. त्यात हे गेले. तिथेच राहिले, तिथल्या नर्सशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि मुलगा काही महिन्यांचा असताना ९ डिसेंबर १९४२ ला वारले. वय ३२. ख्वाजा अहमद अब्बास यांनी यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थच असा की एक जण परत आला नाही. बाकी चौघे आले. शांतारामबापूंनी स्वतःच कोटणीसांचं काम केलंय आणि चिनी बायको झाल्यात जयश्रीबाई. आजच्या डोळ्यांना ते जरा विचित्र वाटेल. तरी बघा. ज्याच्या हातात बंदूक नाही असा युद्धपटाचा नायक आपल्याकडे फार सापडत नाही.

'हकीकत' तुम्हाला माहीत असेल, १९६४, चेतन आनंद, ६२ चा पराभव. हरलेल्या लढाईवर दोनच वर्षांत सिनेमा काढायला छाती लागते, एवढंच म्हणते आणि पुढे जाते. कारण मला '१९७१' वर बोलायचंय.

'१९७१' हा सिनेमा २००७ मध्ये आला आणि थेटरातून कधी गेला कळलंही नाही. मनोज बाजपेयी, रवी किशन, मानव कौल, कुमुद मिश्रा, दीपक डोब्रियाल. आज ही माणसं एकत्र घ्यायची तर निर्मात्याला फ्लॅट विकावा लागेल. दिग्दर्शक अमृत सागर. त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, तरी तो लोकांपर्यंत पोचला तो बऱ्याच वर्षांनी, यूट्यूबवर. गोष्ट अशी: युद्ध संपून सहा वर्षं झालीत, आणि सहा भारतीय जवान अजून पाकिस्तानच्या कैदेत आहेत. पाकिस्तान म्हणतं आमच्याकडे कोणी नाही. मग ते पळायचं ठरवतात. शेवट सांगत नाही.

सिनेमातली माणसं काल्पनिक आहेत. प्रश्न काल्पनिक नाही. ७१ च्या युद्धातून न परतलेल्या ५४ जणांची यादी भारताकडे आहे. त्यात एक नाव फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ ला त्यांचं विमान पाकिस्तानात पडलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं पाकिस्तानी वर्तमानपत्रात छापून आली होती, त्यात तांबे हे नाव होतं. म्हणजे माणूस जिवंत आहे. पुढे युद्धकैदी परत आले, त्यात ते नव्हते. मग पत्रं, मंत्रालयं, फायली, आणि २००७ मध्ये, हा सिनेमा आला त्याच वर्षी, अशा जवानांच्या नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग बघायला नेलं, तेव्हा दमयंतीबाईही गेल्या होत्या. तिथे कोणी सापडलं नाही.

मी हे वाचत होते तेव्हा माझा मेसेज कुणीतरी बघून उत्तर दिलं नव्हतं म्हणून माझी चिडचिड चालू होती. दोन निळ्या टिका आणि चाळीस मिनिटं. असो.

बाहेरचा एकच सांगते, नाहीतर एपिसोड संपणार नाही. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', जपानी ॲनिमेशन, १९८८. कोबे शहरावर बॉम्ब पडतात, एक मोठा भाऊ आणि लहान बहीण उरतात, आणि गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा. कार्टून आहे म्हणून लहान भावंडांना सोबत घेऊन बसू नका, मी केलंय ते, रात्रभर निस्तरत बसले.

आता शेवटचा, काकांचा आवडता. मी विचारलं, काका, तुम्हाला कुठला पटतो? क्षणभरही न थांबता म्हणाले, "प्रहार."

'प्रहार', १९९१. दिग्दर्शन नाना पाटेकर, मेजर चव्हाणही तेच. पहिला भाग कमांडो ट्रेनिंगचा, तो सगळ्यांना आठवतो. खरा सिनेमा नंतर सुरू होतो. नानाचा शिष्य पीटर एका कारवाईत पाय गमावतो आणि मुंबईत घरी येतो. वडिलांची बेकरी, काम हबीब तन्वीर यांचं. वस्तीतले गुंड हप्ता मागतात, पीटर नाही म्हणतो, आणि ते त्याला मारतात. भर वस्तीत, सगळ्यांच्या देखत. कोणी पुढे येत नाही. मेजर त्याच्या लग्नाला म्हणून येतो तेव्हा हे कळतं. पीटरची होणारी बायको माधुरी दीक्षित, आपली अंधेरीची, पूर्ण सिनेमा मेकअपशिवाय. शेवटी मेजर जे करतो ते मला पटत नाही. कायदा हातात घेऊन टाळ्या मिळवणं सोपं असतं. काकांना मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "मला पण शेवट न्हाई आवडत. मला दुकानवाले आवडतात."

"कोण दुकानवाले?"

"जे शटर ओढून घेत्यात ते. अगदी तसंच असतं बघा."

आम्ही तो माझ्या फोनवर तीन रात्री मिळून बघितला, कारण दर दहा मिनिटांनी कोणीतरी हॉर्न वाजवायचं आणि काका उठायचे. तिसऱ्या रात्री मी सॉरी म्हटलं, माइकवरच्या त्या वाक्याबद्दल. काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आवाज लई मोठा होता त्या स्पीकरचा, चौदा नंबरची आजी झोपली नव्हती रातभर." म्हणजे ऐकलं होतं.

पुढचा '१९७१' लावू म्हटलं, तर विचारतात, "त्यातले घरी येतात का? ते आधी सांगा."

मी अजून सांगितलेलं नाही. फोनवर डाउनलोड करून ठेवलाय. चला, खाली जायची वेळ झाली, चहा गार होतोय. भेटू पुढच्या शुक्रवारी.