मागची सीट

आमच्या घरी एक जुनी मोटार आहे. एमजीबी जीटी, १९६७ सालची, लाल रंगाची. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या एका गॅरेजातून निघालेलं हे नाव. पुढे या गाड्या जवळच्याच अ‍ॅबिंग्डन गावच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. एमजीबी १९६२ साली आली ती दोन माणसांची, उघड्या टपाची. १९६५ साली तिची पक्क्या छपराची बहीण आली, तीच जीटी. तिचं छप्पर इटलीतल्या पिनिनफारिनाच्या हातचं. छप्पर आलं तशी मागे थोडी जागा झाली, आणि त्या जागेत कंपनीने एक सीट बसवली. आज मी बोलणार आहे ते या मागच्या सीटबद्दल.

तिला सीट म्हणणं हा तसा उदारपणाच. मोठ्या माणसाने तिथे बसायचं तर पाय घरी ठेवून यावं लागेल. पण लहान मुलं मावतात. मी ही गाडी जुनी म्हणूनच घेतली, १९८४ साली, ऑक्सफर्डला नोकरीत असताना. आमची दोन्ही मुलं याच सीटवर वाढली. समुद्रावर जाताना पुढे आम्ही दोघं, मागे ती दोघं आणि त्यांची भांडणं.

गेल्या वर्षी मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्या लेकीला एकदा त्या सीटवर बसवून फिरवा ना." नात सात वर्षांची. मी गाडीवरची चादर काढली आणि मागे पाहिलं. कापड शिवणीवर फाटलेलं, आतला फोम पिवळा पडून पीठ झालेला. हात लावला की खाली सांडायचा.

बाजारात तयार कव्हरं मिळतात. पण मला कामाची हौस. शिवाय मूळ सीट कोणत्या रंगाची हे नक्की कळत नव्हतं, मधल्या कुणा मालकाने ती तपकिरी करून घेतली होती. इंग्लंडात गेडन इथे ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. तिथे कारखान्याच्या जुन्या वह्या जपून ठेवल्या आहेत. गाडीचा नंबर कळवून फी भरली की ते दाखला देतात. जन्मदाखलाच म्हणा. त्यात गाडी कधी तयार झाली, रंग कोणता, आतली सजावट कोणती, हे लिहिलेलं असतं. आमची सीट जन्मतः काळी निघाली.

मग उसवायला बसलो. पहिला धडा असा, की जुनं कव्हर फाडायचं नाही. टाका टाका उसवून सपाट करायचं, कारण तेच आपलं बेतण्याचं माप. प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा घातला, जोडाच्या जागी खुणा केल्या. नवं कापड घेतलं ते रेक्झिनसारखं. रेक्झिन हा शब्द आपण अगदी मराठी करून टाकला आहे, पण ते मॅंचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कंपनीच्या मालाचं नाव. मुंबईच्या बसमध्ये ज्याच्यावर बसलो, त्याचं माहेर इथे निघालं.

दुसरा धडा चुकून मिळाला. नातीला मऊ लागावं म्हणून मी फोम जरा जाड घातला. कव्हर चढवलं, सुंदर दिसलं. पण या सीटची पाठ पुढे पाडली की ती मागच्या फळीशी सपाट व्हायला हवी, म्हणजे सामान ठेवता येतं. ती सपाट होईना. बोटभर जादा फोमने सगळं अडवलं. पुन्हा उसवलं, मापाचा फोम घातला. कव्हर चढवण्याआधी कापड उन्हात ठेवून नरम करायचं हेही तेव्हाच शिकलो. इंग्लंडातलं ऊन म्हणजे तीन दिवस वाट पाहावी लागली.

पण मला खरं सांगायचं आहे ते निराळंच. सीट काढल्यावर खाली अर्ध्या पेनीचं एक नाणं सापडलं, चॉकलेटचे कागद सापडले. आणि त्याखाली बॅटरीचं झाकण. या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, बरोबर मागच्या सीटच्या खाली. बॅटरीत पाणी घालायला मी कितीदा ती सीट उचलली असेन. पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. माझी मुलं एका फळीवर बसत होती. खाली बॅटऱ्या, मागे डिकीच्या तळाशी पेट्रोलची टाकी, डोक्यामागे काच. आणि पट्टा एकही नाही.

तेव्हा कुणी विचारत नव्हतं. ब्रिटनमध्ये पुढच्या सीटवर पट्टा बांधायची सक्ती १९८३ साली आली, मागे मुलांसाठी १९८९ साली, मोठ्यांसाठी १९९१ साली. तीही पट्टा बसवलेला असेल तरच. जुन्या गाडीत पट्टेच नसतील, तर तीन वर्षांखालच्या मुलाला नेता येत नाही, त्याहून मोठ्याला मागे बसवता येतं. म्हणजे कायद्याने मी नातीला खुशाल मागे बसवू शकत होतो.

एका गॅरेजवाल्याला विचारलं, मागे पट्टे लावता येतील का? तो म्हणाला, लावता येतील. पण तळाला आधाराच्या पट्ट्या जोडाव्या लागतील. शिवाय मुलीला उंच करणारी बैठक ठेवली, तर तिचं डोकं छपराला लागेल. मी घरी आलो. मुलं सुखरूप वाढली याचं श्रेय मी इतकी वर्षं आपल्या सावध गाडी चालवण्याला देत होतो. खरं तर ते नशीब होतं.

मुलीला हे सांगितलं. ती जरा हिरमुसली. म्हणाली, "आम्हाला काही झालं का?" मी म्हटलं, "नाही झालं. म्हणून तर आता कळतंय."

पुढच्या सीटला खांद्यावरून येणारा पट्टा आहे. नातीची बैठक तिथे नीट बसली. तेव्हा फेरीला निघालो ते असे: मी गाडी चालवतोय, शेजारी नात, आणि मागे नव्या काळ्या सीटवर डब्यांची टोपली. मुलगी फाटकाशी उभी राहून हात हलवत होती.

मग एवढा खटाटोप कशासाठी केला, असं शेजारी विचारतात. नातीनेही विचारलं, "आजोबा, या सीटवर कोण बसतं?" मी म्हटलं, "तुझी आई बसायची." तिने मागे वळून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "एवढीशी होती?"

सीट दुरुस्त केली ती बहुधा या प्रश्नासाठी.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)