‘सेट’ आणि आपलं ‘बसणं’
(मंडळाच्या गणेशोत्सवात बंगळूर येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत मला वीस मिनिटं दिली आहेत आणि आरती काही माझ्यासाठी थांबणार नाही. म्हणून एकच शब्द घेऊन आलो आहे. शब्द इंग्रजी आहे, त्यांच्या लिपीत तीन अक्षरांचा, आणि पहिलीतल्या पोरालाही येतो असं आपण धरून चालतो. शब्द आहे ‘सेट’.

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. तिच्यातली सर्वांत लांब नोंद याच शब्दाची. नुसत्या क्रियापदाचे ४३० च्या आसपास अर्थ, आणि नोंद सुमारे ६०,००० शब्दांची. म्हणजे एक बऱ्यापैकी कादंबरीच झाली! पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ या शब्दाने त्याला मागे टाकलं. त्याचे अर्थ ६४५ निघाले. तरी माझं मन ‘सेट’वरच आहे. का ते सांगतो.

सूर्य सेट होतो, गजर सेट करतात, पेपर सेट करतात. टेनिसमध्ये सेट जिंकतात, सिनेमाचा सेट उभारतात. दोन-चार ओव्हर खेळलेला बॅट्समन सेट होतो. आमच्या बांधकाम खात्यात सिमेंट सेट होतं. साध्या पोर्टलँड सिमेंटला आपल्याकडच्या मानकाप्रमाणे सेट व्हायला सुरुवात तीस मिनिटांच्या आत होता कामा नये, आणि ते दहा तासांत पूर्ण झालं पाहिजे. पण सेट झालं म्हणजे मजबूत झालं असं नव्हे. ताकद त्यानंतर कितीतरी दिवस पाणी मारत राहिल्यावर येते. नवीन इंजिनिअर पोरांना हा फरक समजवताना घसा बसतो.

मागे एखादं शेपूट जोडलं की हाच शब्द आणखी रंग बदलतो. सेट अप म्हणजे उभारणं. पण एखाद्याला ‘सेट अप’ केलं म्हणजे त्याला सापळ्यात अडकवलं. सेट ऑफ म्हणजे प्रवासाला निघणं, फटाका उडवणं, आणि इन्कम टॅक्सवाल्यांकडे तोट्याची वजावट. आता गंमत बघा. घरखर्चातून चार पैसे ‘सेट असाइड’ केले म्हणजे जपून बाजूला ठेवले. पण वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टाचा हुकूम ‘सेट असाइड’ केला म्हणजे रद्द केला. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना आपला हुकूम कुठेतरी फायलीत जपून ठेवलाय असं किती दिवस वाटत होतं!

एवढे अर्थ आले कुठून? एक तर हे मुळात दोन शब्द आहेत. टी-सेट, दागिन्यांचा सेट, गणितातला सेट (ज्याला आपण शाळेत ‘संच’ म्हणायचो) हा फ्रेंचमधून आलेला, लॅटिन ‘सेक्टा’ म्हणजे अनुयायांचा गट, पंथ, यावरून. उच्चार जुळला म्हणून तो दुसऱ्या ‘सेट’मध्ये मिसळून गेला. आणि तो दुसरा, खरा घरचा ‘सेट’? तो ‘सिट’चा प्रयोजक आहे. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. बस्, एवढंच. चारशे अर्थांचं बियाणं हे.

‘सिट’चा धातू आणि आपला संस्कृत ‘सद्’ एकाच कुळातले. सदन, सदस्य, सभासद, संसद, परिषद, उपनिषद ही सगळी ‘सद्’ची मुलंबाळं. इतकंच काय, आरतीनंतर मिळणार आहे तो प्रसादसुद्धा! घरट्याला संस्कृतात ‘नीड’ म्हणतात, इंग्रजीत ‘नेस्ट’. दोन्ही एकाच मुळाचे, खाली बसायची जागा. गाव सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना हा शब्द आवडावा.

आता आपल्या मराठीकडे येऊ. आपलं ‘बसणे’ ‘सद्’वरून आलेलं नाही, ते ‘उपविश्’वरून, जुन्या ‘बैसणे’वाटे आलं. कूळ वेगळं, पण कामाला ‘सेट’ इतकंच वाघ! इंग्रज डॉक्टर हाड सेट करतो, आपल्याकडे हाड बसवतात. त्यांचा सोनार खडा सेट करतो, आपला खडा बसवतो. त्यांना एखादी वस्तू शंभर रुपयांनी ‘सेट बॅक’ करते, आपण म्हणतो, ‘मला शंभर रुपये बसले.’ आणि त्यापुढे आपलं स्वतःचं दुकान आहेच : धक्का बसतो, झळ बसते, दातखीळ बसते, विश्वास बसत नाही, सदरा अंगाला बसत नाही, हात बसतो, नाटक बसवतात. नुसतं शेपूट म्हणूनही बसतो : ‘हे काय करून बसलास!’ या ‘बसलास’मधला पश्चात्ताप इंग्रजीत कसा आणायचा, मला अजून जमलेलं नाही.

पण यातच एक खड्डा आहे. संसाराची घडी बसली, धंद्यात जम बसला, हे चांगलं. पाया बसला, भिंत बसली, हे वाईट. आमच्या नात्यातल्या एका मुलाला, इथेच जन्मलेल्या, इंग्रजी अगदी फर्डं बोलणाऱ्या, गावाहून आजीने फोनवर सांगितलं, “अरे, काकाचं दुकान बसलं रे.” तो आनंदाने म्हणाला, “अरे वा आजी, काकांना काँग्रॅट्स सांग!” त्याच्या डोक्यात बसलं म्हणजे सेट अप झालं. आजी क्षणभर गप्प राहिली आणि तिने फोन त्याच्या आईकडे द्यायला सांगितला. मुलाची चूक काही नाही. ‘सेट’चे पन्नास अर्थ त्याला कोणी पाठ करून दिले नव्हते, ते कानावर पडत गेले. ‘बसणे’चा एकच अर्थ कानावर पडला होता, खुर्चीवरचा. बाकीचे घरात आम्हीच वापरत नव्हतो. ‘जम बसला’ ऐवजी ‘सेट झाला’, ‘घडी बसली’ ऐवजी ‘सेटल झाले’. मोल्सवर्थच्या कोशाची सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. तिच्यात ‘बसणें’ काढून बघा. त्या साहेबाने केवढे अर्थ कान देऊन गोळा केले होते!

आमच्या कन्नड मित्रांना आज मी एक विचारलं : गणपती आणता तेव्हा तुम्ही काय म्हणता? ते म्हणाले, “गणेश कूरिसोदु.” कूरिसोदु म्हणजे बसवणं. भाषा वेगळी, कूळ वेगळं, पण बाप्पाला बसवायचं ते बसवायचंच.

तेव्हा एक काम. मंडपाच्या दाराशी मोठा कागद लावला आहे आणि दोरीला पेन बांधलं आहे. वर ‘बसणे’ लिहिलं आहे. आरतीहून बाहेर पडताना प्रत्येक घराने आपल्याला माहीत असलेला एक वापर त्यावर लिहायचा, आणि तो लिहिण्यासाठी पेन घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या हातात द्यायचं, सांगायचं मोठ्यांनी. ‘खुर्चीवर बसणे’ मी आधीच लिहून ठेवलं आहे.